नासरेथचा शब्बाथ

नमस्कार श्रोतेहो. येशू आपल्या गावी, नासरेथला आला तेव्हा गावानं काय केलं, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. आज तिथंच थांबू या.

शब्बाथचा, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याचा दिवस. सभास्थानात तो वाचायला उभा राहिला. सेवकानं यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट हाती दिला. ग्रंथपट म्हणजे उलटायची पानं नव्हेत. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७ साली यशयाचा जो पट सापडला, तो कातड्याचे १७ तुकडे शिवून केलेला आहे, सात मीटरहून लांब. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून डाव्या हातानं सोडत जायचं, उजव्यानं गुंडाळत जायचं. येशूनं वाचलेला उतारा आजच्या ६६ अध्यायांतल्या ६१व्यातला. जवळजवळ सगळा पट सरकवल्यावरच तो हाती लागतो. आपल्या मंडळीत वाचन करणाऱ्यांनीही उतारा आदल्या रात्री मोठ्यानं वाचून यावा. तिथं उभं राहून पानं चाळली की ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं.

दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या कृपेचं वर्ष. इथं तो थांबला. यशयाची ओळ मात्र पुढं जाते, देवाच्या सूडाच्या दिवसापर्यंत. ओळ अर्ध्यावर थांबली, हे लक्षात ठेवा. पट गुंडाळला, सेवकाला दिला, आणि तो खाली बसला. वाचायचं उभ्यानं, शिकवायचं बसून. तो बसला म्हणजे आता बोलणार, म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर.

आधी गाव खूश. मग, "हा योसेफाचाच मुलगा ना?" मार्क तर सुतारकी, आई, बहिणी, चार भावांची नावंही नोंदतो. गावाला घर ठाऊक होतं. घर ठाऊक होतं, तिथंच अडलं. कफर्णहूम गावी चमत्कार केलेस म्हणे, ते इथंही कर, अशी गावाची अपेक्षा. त्यानं दोन जुनी उदाहरणं दिली. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला देवानं धाडलं ते सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. अलीशा संदेष्ट्याच्या काळी कुष्ठातून शुद्ध झाला तो अरामचा सेनापती नामान. दोघंही परकी, यहुदी नव्हेत. अर्ध्यावर थांबलेली ओळ मला इथं उलगडते: परक्यांवर सूड नाही, कृपा. गाव खवळलं. कड्यावरून लोटायला त्याला डोंगराच्या कडेपर्यंत नेलं. तो त्यांच्यामधून निघून गेला.

भावांचाही तेव्हा विश्वास नव्हता, असं योहान सांगतो. पण नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा, पहिलाच अध्याय. यरुशलेमातली माडी, अकरा शिष्य, स्त्रिया, आई मरीया, आणि त्याचे भाऊ. त्यांतला याकोब पुढं यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. नमस्कार.