थई जशे

(सकाळ. मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे बडोद्याची औद्योगिक वसाहत. शटर वर जातं, लेथ सुरू होतो.)

बडोद्याचा मराठी माणूस दांडिया बाजारात मराठीत भांडतो आणि धंदा गुजरातीत करतो. माझे काका त्यातलेच. मकरपुऱ्यात त्यांचं वॉल्व्हचं छोटं वर्कशॉप आहे. घरात त्यांच्या तोंडी असतं 'होऊन जाईल'. शटर उघडलं की त्याचंच 'थई जशे' होतं.

माल कधी मिळेल, असं कुणी विचारलं आणि आपण 'थई जशे' म्हणालो, तर ती तारीख नसते. तो धीर असतो. विचारणाराही ते जाणून असतो, दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो. शंभर वर्षं हे गाव असंच चाललंय, आणि बरं चाललंय.

मग जर्मनीची ऑर्डर आली.

काकांनी ईमेलमध्ये लिहिलं, पहिल्या आठवड्यात होऊन जाईल. तिकडे त्या आठवड्यातल्या बुधवारी क्रेन ठरली, फिटर बोलावले गेले. माल नऊ दिवस उशिरा पोचला. दंड कापला गेला, त्याचं काकांना फारसं वाटलं नाही. लागली ती पत्रातली एक ओळ: तुम्ही आम्हाला चुकीची माहिती दिलीत. "अरे, खोटं कुठे बोललो मी? होणारच होतं ना!" हे त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलंय.

(व्हिडिओ कॉल. काका मान डोलावतात.)

आता ही मान बघा. 'कळलं, बोला पुढे' असं ती सांगतेय. पडद्यापलीकडच्या माणसाला मात्र ती 'नाही' वाटू शकते.

जपानी गिऱ्हाइकाबरोबर पारडं उलटं फिरलं. जपानी माणूस बोलताना 'हाय, हाय' म्हणतो. शब्दाचा अर्थ 'हो', पण पुष्कळदा तो फक्त 'ऐकतोय' एवढंच सांगत असतो. आणि 'मुझुकाशी' म्हणजे 'अवघड आहे' असं म्हणून तो गप्प बसला, की बहुतेक वेळा विषय संपलेला असतो. आपल्याला अवघड म्हटलं की चेव येतो. काकांनी तिथल्या तिथे भाव उतरवला. समोर शांतता. काकांनी आणखी उतरवला. थोडक्यात, जे आपण जर्मनांशी केलं होतं, तेच जपान्यांनी आपल्याशी केलं. शब्द एक, अर्थ दुसरा.

बडोद्याला परदेश नवा नाही म्हणा. सयाजीराव महाराजांच्या काळात, 20 जुलै 1908 रोजी सुरू झालेली बँक ऑफ बडोदा 1953 मध्ये समुद्रापार गेली, ती मोंबासा आणि कंपालाला. पण तिथे आपली माणसं आधीच दुकानं थाटून बसली होती. काउंटरच्या दोन्ही बाजूंना 'केम छो' म्हणता येत होतं. खरा परदेश सुरू होतो, तो जिथे आपलं कुणी नाही तिथे.

आकड्यांचंच घ्या. जर्मन कोटेशनमध्ये 12.500 युरो लिहिलेलं असेल, तर ते साडेबारा हजार. त्यांचा पूर्णविराम म्हणजे आपला स्वल्पविराम. आपलं 1,50,000 हे तर त्यांना छपाईची चूक वाटतं. अमेरिकेचं ड्रॉइंग आलं की आधी कोपऱ्यातलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह बघायचं. आपण आणि युरोपवाले उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडे काढतो, अमेरिकावाले उजवीकडेच. चिन्ह बघायचं राहिलं, तर भोक भलत्या बाजूला पडतं. फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची भोकांची चकती, भंगारात.

(पॅकिंग. पाइनच्या फळ्यांची पेटी.)

या पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आहे. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलंय, त्यात कीड नाही, असं तो जगभरच्या बंदरांना सांगतो. पहिल्या जर्मन ऑर्डरच्या वेळी काकूंनी त्या शिक्क्याशेजारी कुंकवानं स्वस्तिक काढलं होतं. नारळ फुटला, पेढे वाटले, ट्रक मुंद्रा बंदराकडे गेला.

महिन्याभरानं तिकडून फोटो आला. खाली एकच वाक्य: हे काय आहे?

जर्मनीत नाझींचं चिन्ह सार्वजनिक ठिकाणी वापरणं हा गुन्हा आहे, फौजदारी कायद्याचं कलम 86-अ. काकांनी रात्री बसून दोन पानी खुलासा लिहिला: आमचं चिन्ह किती जुनं, त्याचा अर्थ काय. उत्तर नम्र आलं. अर्थ आम्हाला मान्य, पण आमच्या गोदामात हे दिसायला नको. काकू आठवडाभर फुरंगटून होत्या, आणि मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या गोदामातल्या माणसाचंही नव्हतं.

अर्थात शिकणं एकतर्फी नाही. ऑगस्टमध्ये जर्मन ऑफिसात कुणी फोन उचलत नाही, हे काकांना पाठ झालंय. तसं दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत बडोद्यात एकही लेथ फिरत नाही, हे तिकडच्या खरेदी विभागानंही आता कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. उत्तरायणाचे दोन दिवस त्यांनी स्वतःहून विचारले. पतंगासाठी कारखाना बंद? हो, पतंगासाठी.

(संध्याकाळ. नवी पेटी बंद होतेय.)

स्वस्तिक आता वर्कशॉपच्या उंबऱ्यावर निघतं. पेटी त्यावरून ट्रकमध्ये चढते. काकू म्हणतात, पोचलं की पुण्य.

काकांचा फोन वाजतो. पुढच्या लॉटचे वॉल्व्ह रंगवणारा आहे.

"साहेब, थई जशे."

"केटला वाग्ये?" काका विचारतात. किती वाजता?

पलीकडे शांतता.