लघवीतलं रक्त आपोआप थांबलं तरी तपासणी थांबवू नका

नमस्कार. लघवी एकदा लाल झाली, दुखलं काहीच नाही, दोन दिवसांत पुन्हा स्वच्छ. घरात लगेच ठरतं, उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी प्या. नाहीतर मुतखडा. पुष्कळदा कारण साधंच निघतं. पण दुखत नसताना गेलेलं रक्त मला जास्त काळजीचं वाटतं.

मूत्रपिंडाच्या आत लघवी गोळा करणारा नरसाळ्यासारखा भाग असतो, त्याला जोडलेली मूत्रवाहिनी मूत्राशयापर्यंत जाते. या सगळ्याला आतून एकच अस्तर. त्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा मूत्राशयात होतो. वरच्या भागात, म्हणजे त्या नरसाळ्यात किंवा मूत्रवाहिनीत, हा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच. दुर्मिळ, म्हणून उशिरा लक्षात येणारा.

सोनोग्राफी नॉर्मल आली की आपण निश्चिंत होतो. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांआड असतो, सोनोग्राफीत तो नीट दिसत नाही. म्हणून रक्ताचं कारण सापडलं नसेल, तर डॉक्टरांना सीटी युरोग्राफीबद्दल विचारा. शिरेतून दिलेलं औषध लघवीबरोबर उतरताना फोटो घेतात. गाठ असेल तिथे ते भरत नाही. मूत्राशय दुर्बिणीने बघायचंच. गरज पडली तर बारीक दुर्बीण थेट मूत्रवाहिनीत घालून तुकडा घेतात.

गाठ लहान, सौम्य असेल तर लेझरने जाळून किडनी वाचवता येते, मात्र दुर्बिणीच्या फेऱ्या चुकत नाहीत. आक्रमक असेल तर किडनी, अख्खी मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयात उघडते तिथला भाग, सगळंच काढतात. ‘गाठ एवढीशी, मग सगळं का?’ असं नातेवाईक विचारतात. मागे राहिलेल्या अस्तरात ती पुन्हा उगवते, म्हणून.

केमोचं मात्र ऑपरेशनआधीच विचारा. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध द्यायला किडनीचं काम चांगलं लागतं, आणि एक किडनी गेल्यावर ते घटतं. केमो ऑपरेशननंतरही देतात: ९० दिवसांत सुरू केलेल्या केमोने आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, हे ब्रिटनमधल्या ‘पाउट’ चाचणीत २०२० साली दिसलं.

कारणांत तंबाखू आहेच. शिवाय ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती. ब्रसेल्समध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांतून ती पोटात गेलेल्या, किडनी निकामी झालेल्या ३९ जणांच्या मूत्रपिंडं-मूत्रवाहिन्या काढून तपासल्या. १८ जणांत हा कॅन्सर निघाला. आपल्याकडची सापसंद याच कुळातली, तेव्हा कुठलंही चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात कमी वयात कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात हे तिन्ही कॅन्सर एकाच कुटुंबात येतात, आणि मग भावंडांचीही तपासणी करावी लागते.