वल्हं हातात असताना खायचं-प्यायचं कसं

टेक्सास वॉटर सफारी हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. दर जूनमध्ये सॅन मार्कोस गावातल्या झऱ्यांच्या तळ्यातून होड्या सुटतात. आधी सॅन मार्कोस नदी, मग ग्वाडालूप नदी, शेवटी खाडी ओलांडून सीड्रिफ्ट हे समुद्रकाठचं गाव. अंतर साधारण ४१८ किलोमीटर आणि मुदत १०० तास. १९६३पासून ही शर्यत चालू आहे. रात्रंदिवस वल्हवायचं, वाटेत पडलेल्या ओंडक्यांवरून होडी ओढून न्यायची, आणि हे सगळं कोकणातल्या मे महिन्यासारख्या दमट, चिकट उकाड्यात.

२०१२ साली या शर्यतीत एका तरुण स्पर्धकाचा मृत्यू झाला. तो बुडाला नव्हता. त्याच्या रक्तातलं सोडियम जीवघेण्या पातळीपर्यंत खाली गेलं होतं.

मी मुद्दाम इथून सुरुवात करतेय. आपल्याकडे होडीत बसायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात, ‘भरपूर पाणी पी’. हा सल्ला अपुरा आहे आणि लांब पल्ल्यावर तो घातकही ठरू शकतो. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. तुम्ही तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहिलात, तर गेलेलं पाणी भरून येतं, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच येतं, पण मीठ येत नाही. त्यात भर म्हणजे दीर्घ श्रमांत शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत असतं, त्यामुळे लघवीवाटे जादा पाणी बाहेर टाकणंही मंदावतं. रक्त पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूला सूज येते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त होता. चार-चार तास घाम गाळून वजन वाढलं, याचा अर्थ सरळ आहे. गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं.

मग कमी प्यायचं का? तसंही नाही. कमी पिणाऱ्यांची संख्या होडीत खरं तर जास्त असते, त्यावर मी येतेच. पण आधी पाणी शरीरात शिरतं कसं, ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत घेतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६०मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. अकरा वर्षांनी, १९७१मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला होता. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना पाजलं आणि हजारोंचे जीव वाचले. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर बनलेली आहे. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. परदेशातून महागड्या पावडरी मागवणाऱ्या आपल्या तरुण खेळाडूंना मी ती आवर्जून सांगते.

अर्थात जुलाबाच्या रुग्णासाठी बनवलेली ओआरएस वल्हवणाऱ्याला जशीच्या तशी लागत नाही. तिच्यात मीठ भरपूर आणि साखर कमी असते, आपल्याला साखर जास्त हवी असते. म्हणून घरचं लिंबू सरबत घ्या. एक लिटर पाणी, ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ. पाव चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा घेऊन त्याचा चौथा भाग, अंदाजे दीड ग्रॅम. त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ज्यांच्या टोपीवर आणि लाईफ जॅकेटच्या पट्ट्यांवर घाम वाळल्यावर पांढरे डाग उमटतात, त्यांनी मीठ थोडं वाढवावं. लिंबाऐवजी कोकम चालतं, फक्त आगळ वापरलंत तर त्यात मीठ आधीच असतं, ते धरून हिशोब करा.

शहाळ्याबद्दल मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. शहाळं उत्तम आहे, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं. घामात बरोबर उलटं. किनाऱ्यावर परतल्यावर हवं तितकं प्या, होडीत मात्र चिमूटभर मीठ घातल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

आता खाण्याकडे वळू. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. धावणाऱ्याने आणि वल्हवणाऱ्याने हा आकडा सारखा वाचू नये. ज्या स्नायूत ग्लायकोजेन आहे, त्याच स्नायूला ते वापरता येतं. मांडीत पडून असलेला साठा खांद्याला मिळत नाही. वल्हवताना पाय रेटा देतात हे खरं, पण दिवसभराचा मुख्य भार पाठ, खांदे आणि दंड यांच्यावर असतो आणि ते स्नायू मांड्यांच्या मानाने लहान. त्यामुळे आपला साठा कागदावरच्या आकड्यापेक्षा लवकर संपतो. माणूस म्हणतो, ‘मला दम लागलेला नाही, पण हात उचलत नाहीत.’ ते हेच.

म्हणून दोन तासांपेक्षा लांब पल्ला असेल तर पहिल्या अर्ध्या तासापासून खायला सुरुवात करा, भुकेची वाट पाहू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरेशी होतात. एकट्या ग्लुकोजची मजल आतड्यात तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंतच जाते, फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही मिळून ९०पर्यंत जाता येतं. आपली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. तेव्हा सरबतातून ३० ग्रॅम आणि चार-पाच खजुरांतून आणखी ३० असा तासाचा हिशोब घरच्या डब्यातूनच जमतो. केळं, राजगिऱ्याचा लाडू, उकडून मीठ लावलेले बटाट्याचे लहान तुकडे हेही चालतं. गोडाने तोंड मिटतं तेव्हा खारट बटाटा फार उपयोगी पडतो. आणि कोकणातली मिठाची पेज थर्मासमध्ये भरून नेली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, तांदळाचा स्टार्च, मीठ आणि पाणी, तिन्ही एकाच घोटात.

पण ही यादी सोपी आहे. अवघड आहे ते हे सगळं तोंडापर्यंत नेणं. दोन्ही हात वल्ह्यावर असतात. थांबलात की वेग जातो, वारा होडी वळवतो, लाट असेल तर तोल जातो. मग ‘पुढच्या वळणावर खाऊ’ असं म्हणत तीन तास निघून जातात. पाण्याची पिशवी पायांमागे किंवा सीटमागे ठेवून तिची नळी लाईफ जॅकेटच्या खांद्याला क्लिपने लावा, मान वळवली की तोंडात आली पाहिजे. पिशवी पाठीवर नको, कमरेच्या वरचं वजन वाढतं आणि धड फिरत नाही. खाऊ आदल्या रात्रीच एका घासाच्या आकाराचा कापून ठेवा. खजुराच्या बिया काढा. लाडवाचे चार भाग करा. कागदात गुंडाळलेली चिक्की ओल्या हातांनी उघडून बघा एकदा. दातांनी फाडावी लागते, तोवर गूळ पाघळून कागदाला चिकटलेला असतो आणि कागद खाडीत जातो. झाकण एका हाताने उघडेल असा छोटा डबा पुढ्यात बांधून ठेवा, एका बाजूला गोड, एका बाजूला खारट. घड्याळात दर पंधरा-वीस मिनिटांनी गजर लावा. दोघांच्या होडीत एकाने खावं, दुसऱ्याने वल्हवावं.

आता मघाशी म्हटलेला विषय. होडीत लोक कमी पितात त्याचं पहिलं कारण लघवी. बायकांच्या बाबतीत तर मला हे कारण इतक्या वेळा ऐकू येतं की मी आता स्वतःहूनच बोलते. पहाटेपासून घोटभर पाणी न पिता पाच-सहा तास उन्हात वल्हवणाऱ्या मुली मी पाहते आणि संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकत असतं. उभ्याने वापरायचं सिलिकॉनचं फनेल मिळतं, बसून वापरायची रुंद तोंडाची बाटली मिळते, आणि किनाऱ्याला लागायच्या जागा नकाशावर आधी ठरवता येतात. मोहिमेचा नेता पुरुष असेल तर त्याने हे स्वतः विचारावं, बाईने विषय काढायची वाट बघू नये.

तुम्हाला किती प्यायचं हे मी इथून सांगू शकत नाही, तुमचा वजनकाटा सांगेल. खडकवासल्याला किंवा पवनेला सरावाला जाता तेव्हा निघण्याआधी आणि आल्यावर कोरड्या कपड्यांत वजन करा. समजा दोन तासांत एक किलो घटलं आणि मध्ये दीड लिटर प्यायलात, तर घाम अडीच लिटर, म्हणजे तासाला सव्वा लिटर. लघवी झाली असेल तर तेवढी वजा करा. हा सगळा घाम लगेच भरून काढायचा नसतो. वजनात दोन टक्क्यांपर्यंत घट निरोगी माणूस सोसतो. वजन वाढलेलं दिसलं तर पिणं कमी करा. मे महिन्याचा आकडा डिसेंबरला वापरू नका.

पोटालाही सराव लागतो. वल्हवताना धड सतत पिळलं जातं, स्प्रे स्कर्टचा, म्हणजे होडीत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायच्या झाकणाचा, पट्टा पोटावर दाबतो, समुद्रात लाटांनी मळमळतं. घरी सहज पचणारा लाडू तिथे घशाशी येतो. काही आठवडे दर लांब सरावात ठरलेलं खाणं ठरलेल्या वेळी खाल्लं की आतडं अधिक साखर शोषायला शिकतं. मोहिमेच्या दिवशी नवीन काही तोंडात घालू नका. मळमळीसाठी आलेपाक मात्र जवळ असू द्या.

थंडीबद्दल थोडक्यात. कॅनडात व्हाइटहॉर्सपासून डॉसनपर्यंत ७१५ किलोमीटरची युकॉन रिव्हर क्वेस्ट ही होड्यांची शर्यत होते. तिथे पाणी बर्फगार, तहान लागत नाही, शिवाय गारठ्यात लघवी वाढते. नकळत पाणी घटतं आणि उपाशी शरीराला ऊबही धरता येत नाही. तिथे गरम सूप लागतं. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या दुसी या होड्यांच्या मॅरेथॉनचा धडा घाणीचा आहे. पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन या मार्गावर गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या नदीचे शिंतोडे तोंडात जाऊन इतक्यांना जुलाब होतात की त्या आजाराला ‘दुसी गट्स’ असं नावच पडलं आहे. आपल्या शहरांजवळच्या नद्या आणि खाड्या आठवा आणि नळीच्या तोंडाला टोपण लावा.

शेवटी प्रश्न आला आहे, सोबत्याला त्रास झाला तर काय करायचं. तो गोंधळल्यासारखा बोलतोय, उलट्या होताहेत, डोकं दुखतंय, बोटं सुजून अंगठी रुतलीय आणि दिवसभर तो पाणी पीतच होता, तर त्याला आणखी पाणी पाजू नका. वेदनाशामक म्हणून आयब्युप्रोफेनही देऊ नका, ते मूत्रपिंडाचं काम आणखी अडवतं. किनाऱ्याला लागा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की किती तास वल्हवलं, किती पाणी प्यायला, आणि सलाईन लावण्याआधी रक्तातलं सोडियम तपासा. नुसतं शरीरातलं पाणी घटलेला रुग्ण आणि हा रुग्ण बाहेरून सारखेच दिसू शकतात. उपचार मात्र वेगळा आहे. याला तीव्र मिठाचं सलाईन लागतं.