लापशीचे पुतळे

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय असेम्ब्लाज. नाव परकं आहे, पण सामान तुमच्याच माळ्यावर पडलंय. मोडका पाट, पाळण्याचा उरलेला दांडा, दाराची कडी, किल्ली हरवलेलं कुलूप. अशा वस्तू खिळ्यांनी ठोकून, तारेनं बांधून, एकमेकींना चिकटवून जी कलाकृती उभी राहते ती असेम्ब्लाज. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं, त्याचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं या प्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि हे नाव सगळीकडे झालं. व्याख्या एवढी पुरे. मला सांगायचंय ते कुर्ट श्विटर्सबद्दल.

हा गृहस्थ जर्मनीतल्या हानोफरचा, जन्म १८८७. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला, सगळी घडी विस्कटली, आणि हा रस्त्यावरची ट्रामची तिकिटं, बटणं, तारा, फळ्यांचे तुकडे खिशात भरून घरी आणू लागला. बर्लिनमध्ये एका कलावंताला त्यानं स्वतःची ओळख करून दिली ती अशी : 'मी चित्रकार आहे, माझी चित्रं मी खिळ्यांनी ठोकतो.' नाझींना हे कसं रुचणार? १९३७ मध्ये तो नॉर्वेत पळाला. त्याच वर्षी म्युनिकमध्ये नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून प्रदर्शन मांडलं, त्यात याची चित्रं होती. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या, तेव्हा बर्फ फोडणाऱ्या एका जहाजातून तो स्कॉटलंडला पोहोचला. आणि तिथं इंग्रजांनी त्याला धरलं. का? तर जर्मन म्हणून! नाझींपासून पळालेला माणूस, आणि कैद झाली शत्रूचा नागरिक म्हणून.

त्याला पाठवलं आइल ऑफ मॅनवर. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात हे बेट आहे. तिथल्या डग्लस गावात पर्यटकांसाठी बांधलेली लॉजिंगची घरं होती, त्यांच्याभोवती काटेरी तार घातली की झाली छावणी. आत कोण? प्राध्यापक, वादक, वकील, शिल्पकार. विद्यापीठच म्हणा ना. रंग नाहीत, कॅनव्हास नाही, प्लॅस्टर तर नाहीच. मग श्विटर्सनं जमिनीवरचं लिनोलियम उचकटलं आणि त्यावर चित्रं काढली. चहाच्या खोक्यांच्या फळ्या काढल्या. पण पुतळे कशाचे करायचे?

आता ऐका. छावणीत सकाळी न्याहारीला ओटची लापशी मिळायची. रोज लापशी. कैदी कंटाळलेले, ताटल्यांत ती तशीच उरायची. ओटची लापशी गार झाली की तिची खळ होते, हे घरात ज्यानं भांडी घासली आहेत त्याला सांगायला नको. श्विटर्सनं ती उरलीसुरली लापशी गोळा केली, पोटमाळ्यावरच्या आपल्या खोलीत नेली, आणि तिचे पुतळे घडवले. होय, लापशीचे पुतळे! समुद्राकाठची दमट हवा, बंद खोली; व्हायचं तेच झालं. पुतळ्यांना बुरशी आली. फ्रेड उलमान नावाचा वकील, तोही चित्रं काढायचा, श्विटर्सकडून स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घ्यायला त्या खोलीत बसायचा. त्यानं पुढं लिहून ठेवलंय की पुतळ्यांवर हिरवट केस उगवले होते, निळसर काहीतरी पाझरत होतं आणि खोलीभर आंबूस घाण वास कोंदला होता. आणि त्या वासात हा शांतपणे ब्रश चालवतोय! व्यक्तिचित्रं मात्र अगदी रीतसर, ओळखू येतील अशी. त्यांचे तो पैसे घ्यायचा. रात्री हाच माणूस खिडकीतून कुत्र्यासारखा भुंकायचा. पुतळे अर्थातच टिकले नाहीत. टिकले असते तर आज कुठल्या तरी म्युझियमनं ते काचेच्या पेटीत ठेवले असते आणि आपण नाक न दाबता ते बघितले असते.

सांगायचं काय, तर जे हाताशी आहे ते सामान. जे हाताशी आहे ते. आमच्याकडे हौशी मंडळी आधी दुकानात जाऊन 'अँटिक लूक'चं लाकूड विकत आणतात. इकडे वाडे पाडले की सागवानी तुळया ट्रकमध्ये भरून जातात, त्यांची टेबलं हॉटेलात मांडतात, आणि वाड्याचा मालक नव्या फ्लॅटमध्ये प्लायवुडवर लाकडाच्या रंगाचा लॅमिनेट चिकटवून घेतो. असो, हा माझा दुखरा विषय आहे.

श्विटर्स १९४१ मध्ये सुटला. १९४३ च्या बॉम्बफेकीत हानोफरचं त्याचं घर गेलं. त्या घरातल्या खोल्याच त्यानं वर्षानुवर्षं खपून कलाकृती करून टाकल्या होत्या. बॉम्ब टाकणारे इंग्रज, आणि हा राहतोय इंग्लंडात. शेवटी १९४७ मध्ये इंग्लंडातल्याच एल्टरवॉटर नावाच्या गावात, दगडी कोठाराच्या भिंतीवर त्यानं प्लॅस्टरात रबरी चेंडू, झारीचं तोंड, धातूची चौकट असलं काय काय बसवलं. जानेवारी १९४८ मध्ये तो गेला, काम अर्धवट राहिलं. १९६५ मध्ये ती अख्खी भिंत उचलून न्यूकॅसलला नेली, ती तिथल्या हॅटन गॅलरीत आहे.

तुम्ही करून बघणार असाल तर जुनं लाकूड आधी कडक उन्हात टाका आणि बारीक भोकांतून भुसा पडतोय का बघा. पडत असेल तर घरात आणू नका. लाकडावर लोखंड नुसत्या फेविकॉलनं बसत नाही, स्क्रू नाहीतर तार हवीच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा फटी थोड्या राहू द्या. वर वॉर्निश फासू नका. पुन्हा सांगतो, वॉर्निश नको. जुना रंग, डाग, खिळ्यांची भोकं दिसू देत, नाहीतर नवीनच फळी का नाही घेतली? आणि गंजका खिळा हातात घुसला तर हळद लावून बसू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. नमस्कार.