तक्रार असलेल्या दिंडीचा टाळ

धर्म या विषयावर बोलायला उभा राहिलोय खरा, पण व्याख्येत वगैरे मी शिरणार नाही, तुम्हाला सरळ सासवडच्या पालखीतळावर घेऊन जातो. पुण्याहून निघून दिवेघाट चढून आलेली वारी, माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या लावाव्या लागतात इतका तो चढ, माणसांचे पाय पार भरून आलेले, आणि संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि सगळं थांबतं, अक्षरशः एका क्षणात.

माझ्या आयुष्यात ज्याला आध्यात्मिक अनुभव म्हणता येईल तो मला देवळात नाही आला, त्या शांततेत आला. वडील जाऊन चार महिने झाले होते, मी रडलो नव्हतो, आणि तिथे चिखलात उभा असताना आतलं काहीतरी आवळून धरलेलं सुटलं. शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, त्यांनी काही विचारलं नाही, वाकल्या आणि माझ्याच पाया पडल्या. मी मागे सरकलो तर म्हणाल्या, "माउली, पडू द्या की." वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे मला माहीत होतं हो, पण आपल्या चिखलाच्या पायांवर कुणाचा तरी खरबरीत हात टेकतो तेव्हा कळतं.

पण आज मला त्या शांततेतल्या आवाजाबद्दल बोलायचंय. दंड वर झाल्यावरसुद्धा एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात, आणि नवख्याला वाटतं यांचं लक्ष नाही वाटतं. तसं नसतं. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, हा रिवाज आहे. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग टाळ थांबतो आणि त्यानंतरच आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही! समाजात धर्माचं काम काय असं मला कुणी विचारलं की मला हेच आठवतं.

आणि याच परंपरेत एक टाळ सहाशे वर्षं वाजत होता तो कुणी ऐकला नाही. संत चोखोबा, ज्यांना जातीमुळे देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ते 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. दाराच्या बाहेर. आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वारी करायची आणि तिथेच थांबायची, तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरायची. ज्यांनी दार अडवलं त्यांनाही काकडआरतीला गहिवरून येत असणार, त्यांचा अनुभवही खोटा नसणार, आणि ही गोष्ट मला फार छळते. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे माणूस न्यायी झाला असं होत नाही.

साने गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, मग मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस, तेव्हा कुठे दार उघडलं. गुरुजींनी देव नाकारला नाही, विठ्ठलाचाच माणूस विठ्ठलाच्या दारात उपाशी बसला, म्हणून मी त्यांना त्या टाळ न थांबवणाऱ्या दिंडीतला मानतो. पुढे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने देवळातल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्कही संपले, तोही एक लांबलेला टाळच.

माझी आजी दार उघडल्यानंतर पहिल्यांदा आत गेली. पंढरपुरात देवाच्या पायावर डोकं ठेवता येतं, तसं तिने ठेवलं. मी लहानपणी तिला सारखं विचारायचो, आजे, काय वाटलं गं तुला, तर म्हणायची, "पाय गार होते बघ, आणि मागून चला चला म्हणत होते." बस, एवढंच. मग बाहेर येऊन ती घरी नाही निघाली, आधी चोखोबांच्या समाधीपाशी गेली, पदर सावरून खाली बसली आणि शेजारच्या घरातल्या थोरल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "बाबा, जाऊन आले आत."