पुण्यातही असे दगड बसवावे लागतील का?

(बर्लिनमधील दिवाळी मेळाव्यातलं भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

फराळाच्या दिवशी हा विषय काढतेय, राग मानू नका. परवा आपल्यातल्याच एका घरी जेवताना आजोबा म्हणाले, "देशाला एक हिटलर पाहिजे, म्हणजे शिस्त लागेल." त्यावर नातवाने विचारलं, "मग पुण्यातही दारासमोर असे पितळी दगड बसवावे लागतील ना?"

शाळेत जाता-येता तो हे दगड बघतो. श्टॉल्परश्टाइन, म्हणजे अडखळायला लावणारे दगड; नाझींनी नेलेल्या माणसांच्या घरासमोर फुटपाथमध्ये बसवलेले. १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा. "इथे राहत होती", मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. एकेक अक्षर हातोडीने ठोकलेलं. गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराने पहिला दगड १९९२ मध्ये कोलोनला बसवला. २०२३ मध्ये संख्या १ लाखावर गेली. मारले गेलेले ज्यू ६० लाख.

आता शिस्तीचं बोलू, कारण आजोबांचा शब्द तोच होता. बर्लिनहून छळछावण्यांकडे नेण्याआधी ज्यूंना मालमत्तेचा १६ पानी फॉर्म भरावा लागे. घरातलं सामान, कपडे, बँकेतली शिल्लक, सगळं लिहून द्यायचं. मग ते सरकारजमा. इथल्याच ग्रुनेवाल्ड स्टेशनवरून पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ रोजी सुटली, हजाराहून जास्त माणसं घेऊन. रेल्वे या प्रवासाचं भाडं लावत असे: मोठ्यांना किलोमीटरला ४ फेनिग, १० वर्षांखालच्या मुलांना अर्धं, ४ वर्षांखालच्यांना माफ, ४०० च्या वर माणसं असली की सवलत. माणसांचं तिकीट एकेरी. पहारेकऱ्यांचं तेवढं परतीचं.

शिस्त होती ती ही. हाफ तिकिटाचा हिशोबसुद्धा चोख.

आणि आपण? कडक मास्तर हिटलर, कडक सासूबाई हिटलर. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, कोकणात शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणून शतकानुशतकं नांदले, मराठी बोलले, त्यांना कोणी छळलं नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खरा आहे. मग तेच तोंड हा शब्द इतक्या सहज कसा उच्चारतं? आजोबा दुष्ट नाहीत. त्यांना गाड्या वेळेवर यायला हव्या आहेत, एवढंच. मला भीती वाटते ती याचीच.

९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली त्या रात्रीची आठवण म्हणून, लोक हे दगड घासायला बसतात. आपणही जाऊ. पितळ घासणं आपल्याला शिकवायला नको, पण इथे समईची रीत चालणार नाही. चिंच, लिंबू नको; आंबट पाणी फटीत उतरून काँक्रीट खातं. तारेची घासणी तर नकोच, पत्र्यावर ओरखडे उठतात. आधी ब्रशने माती झाडायची, ओल्या फडक्याने पुसायचं. कडेला चिकटपट्टी लावायची, नाहीतर पॉलिशचे डाग शेजारच्या फरशीवर पडतात. पितळेचं पॉलिश मऊ कापडावर थोडंसंच, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग घासायचं. कापड काळं होत जातं आणि अक्षरं उजळतात. शेवटी पाण्याने पुसून कोरडं करायचं. गुडघे टेकावे लागतात, तेव्हा जुनी चटई आणा. पाऊस-थंडीने पितळ पुन्हा काळवंडेल. २७ जानेवारीला, आउश्वित्झ छळछावणी मुक्त झाली त्या दिवशी, परत जाऊ.

तो मुलगा येणार आहे. आजोबांनाही आणा, असं मी त्याच्या आईला सांगितलंय. ती म्हणाली, "विचारून बघते." मुलाच्या प्रश्नाला घरात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.