मोंबासाला जायच्या आधी

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव रंगलाय, आणि इथे वरच्या पाखाडीतल्या घरात बॅगा उघड्या पडल्यात. बाबा केनियातल्या मोंबासाला कामाला, आता आई दोन्ही पोरांना घेऊन तिकडे चाललीये, थोरली सहा वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. आजीने कोकमं, कुळथाचं पीठ, मेतकूट कधीच बांधून ठेवलंय. आई मात्र शोधतेय पोरांची लसीकरणाची कार्डं. सापडली बघा, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, कडा कुरतडल्यात पण तारखा वाचता येतायत.

आता दापोलीला डॉक्टरांकडे. त्यांनी कार्डं बघितली, मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि जायच्या तारखेपासून उलटं मोजायला लागले. केनियातून परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या (डासांमुळे पसरणारा, यलो फीवर) लशीचा दाखला मागतात, आणि तो लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते, 2016 पासून तसा नियम आहे. पण 9 महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. शिवाय गोवर-रुबेलाचा पहिला डोस पण नऊ महिने झाल्यावरच, आणि दोन्ही जिवंत विषाणूच्या लशी, म्हणजे एकतर एकाच दिवशी नाहीतर मधे 4 आठवडे सोडून. इथे पेन थांबलं बघा. तिकीट पुढे ढकला म्हणाले, आईने तिथूनच बाबांना फोन लावला. म्हणूनच सांगतोय, 4 ते 6 आठवडे आधी जा डॉक्टरांकडे, तान्हं बाळ असेल तर तिकीट काढायच्याही आधी.

पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून सगळे रात्रीच्या एसटीने मुंबईला. हे ते पिवळं पुस्तक, म्हणजे लशीचा दाखला. नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, एक अक्षर इकडचं तिकडे नको, आई खिडकीपाशी उभ्या उभ्याच तपासतेय. शहाणी बाई, बरेच जण घरी आल्यावर बघतात.

थोरली काट्यावर उभी आहे कारण मोंबासाला मलेरिया आहे आणि गोळीचा डोस वजनावर ठरतो. हिला दिलेली गोळी आठवड्यातून एकदा, निघायच्या 2 आठवडे आधीपासून, तिथे असेपर्यंत, आणि परत आल्यावरही 4 आठवडे. शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या मागून आणायच्या नाहीत, प्लीज! कडू असते, आजी केळ्यात दाबून देतेय, बघा तोंड कसं केलंय. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी पण चाललीये.

कार्डं, पिवळं पुस्तक, डॉक्टरांची चिठ्ठी, ओआरएसची पाकिटं, सगळं आईच्या खांद्यावरच्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही.

दाखला नसेल तर परतताना 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. आणि घरी आल्यावर, अगदी महिन्या-दोन महिन्यांनी जरी पोराला ताप आला तरी त्याच दिवशी रक्त तपासा, आफ्रिकेतून आलोय हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.